पिकअप मागून डोलते, बॅलन्सिंग केलं तरी फरक नाही

भाऊ, तुमचं म्हणणं मला जसं कळलं तसं आधी मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून बोलता येईल. पिकअप नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेजमार्गे कल्याणकडे जाते आणि बहुतेक वेळा रिकामी परत येते. रिकामी असताना ताशी २० ते ४० च्या दरम्यान मागचा भाग डावी-उजवीकडे हेलकावे खातो. ५० च्या पुढे हेलकावे विरतात, पण सीटखाली थरथर राहते. भरलेल्या गाडीत हे फारसं जाणवत नाही. स्टिअरिंग मात्र शांत असतं. तुम्ही बॅलन्सिंग दोनदा केलं, अलाइनमेंट केली, डाव्या मागच्या चाकाचं बेअरिंगही बदललं, आणि आता गॅरेजवाला म्हणतोय की ॲक्सलचं हाऊसिंग (मागच्या चाकांमधलं, आतल्या शाफ्टभोवतीचं लोखंडी कवच) वाकलंय, ते बदलावं लागेल. तुमचा प्रश्न: बदलू का?

माझं उत्तर: आत्ता नको. हाऊसिंग वाकलेलं नसेलच असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण तुम्ही जे लक्षण सांगताय ते हाऊसिंगचं नाही, आणि जिथे खरा संशय आहे ती जागा अजून कोणी तपासलेली दिसत नाही.

कारण समजून घ्या. हाऊसिंग ही न फिरणारी वस्तू आहे. ते वाकलं तर चाक कायमचं एका कोनात कललेलं राहील. त्याने टायर एका कडेने झिजेल, ॲक्सल शाफ्टवर ताण येईल, सील लवकर जाईल, गाडी एका बाजूला ओढेल. पण चाकाच्या प्रत्येक फेरीबरोबर एक हेलकावा असं तालात चाललेलं डोलणं त्यातून निघत नाही. असा ताल फिरणाऱ्या वस्तूतूनच येतो: टायर, रिम, ब्रेकचा ड्रम, हब (चाकाचा मधला गोळा) किंवा शाफ्टचा फ्लँज (शाफ्टच्या टोकाची चकती), फार तर प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाकडून मागच्या ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा). पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, त्यांचे बुश, त्यांना ॲक्सलशी बांधणारे यू बोल्ट आणि शॉकअप हे ढिले असले तर त्या तालाला मोकळं रान देतात, हेलकावा मोठा करतात. निर्माण ते करत नाहीत.

मग पहिलं काम, तो ताल चाकाचाच आहे का हे ठरवणं. याला यंत्र लागत नाही. पिकअपला २१५/७५ आर १५ मापाचा टायर आहे असं धरू. त्याचा व्यास साधारण ७० सेंटीमीटर, म्हणजे एका फेरीत गाडी सुमारे २.२ मीटर पुढे जाते. ताशी २० चा वेग म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. म्हणजे चाक सेकंदाला अडीच वेळा, १० सेकंदांत साधारण २५ वेळा फिरतं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी २० ला धरा आणि शेजारी बसलेल्याला मोबाइलवर १० सेकंद लावून हेलकावे मोजायला सांगा. २५ च्या आसपास आले, तर ताल चाकाचा. स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे दोन-तीन कमी आले तरी हरकत नाही. टायरचं माप वेगळं असेल तर आकडा थोडा बदलेल. प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरतो. त्याची गडबड मोजताच येत नाही, ती गुणगुणल्यासारखी थरथर असते. आणि हेलकावे याहून बरेच कमी, सेकंदाला एखादाच, तेही खड्ड्यानंतर किंवा वळणावर, असे असले तर ते फिरण्याशी संबंधित नाहीत. मग शॉकअप, बुश आणि पाट्यांकडे वळायचं.

तुमच्या वर्णनावरून मला पहिली शक्यता जास्त दिसते. कमी वेगात ठळक हेलकावा, वेग वाढला की त्याची थरथर होणं, आणि त्रास स्टिअरिंगऐवजी बुडाखाली जाणवणं, ही मागच्या एखाद्या टायरचा किंवा रिमचा आकार बिघडल्याची नेहमीची खूण आहे. वेग वाढल्यावर हेलकावा जातो कुठे? कुठेच जात नाही. धक्के इतके भराभर येतात की गाडीचं वजन त्यांच्या मागे हलू शकत नाही, म्हणून ते थरथर होऊन येतात. भरलेल्या गाडीतही तेच: वजन जास्त, म्हणून त्याच धक्क्याने बॉडी कमी हलते. भरल्यावर गाडी नीट चालते म्हणून दोष किरकोळ आहे, असं धरून चालू नका. टायर खराब असेल तर भरलेल्या गाडीत त्याच्यावर ताण आणि उष्णता दोन्ही जास्त असतात.

बॅलन्सिंग दोनदा करूनही फरक का पडला नाही, ते यातच आलं. बॅलन्सिंगचं यंत्र वजन बघतं. चाकाची कुठली बाजू जड आहे ते दाखवतं आणि समोर शिसं लावून ते बरोबर करतं. चाक गोल आहे का, सरळ फिरतंय का, हे साधं यंत्र सांगत नाही. वाकड्या मडक्याला एका अंगाने माती थापून वजन सारखं करता येतं, पण मडकं गोल होत नाही. असं चाक यंत्रावर ‘शून्य-शून्य’ दाखवेल आणि रस्त्यावर डोलेल. शिवाय वजनाच्या असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणून तो त्रास ६०-७० च्या पुढे सुरू होतो. २०-३० ला डोलणाऱ्या गाडीत मी बॅलन्सिंगकडे बघतच नाही. अपवाद एकच, रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा वाळलेला थर. शेतात जाणाऱ्या गाड्यांत तो हटकून असतो. एकदा चाक काढून आतून खरवडून घ्या, फुकटचं काम आहे.

अलाइनमेंटबद्दल थोडक्यात. तुमच्या गाडीला मागे सरळ ॲक्सल आणि पाटे आहेत. त्या ॲक्सलला चाकाचा कोन बदलायची सोयच नसते. अलाइनमेंटवाल्याने जे केलं ते पुढच्या चाकांचं. मागचं यंत्रावर दिसतं, पण नट फिरवून दुरुस्त होत नाही. त्या पैशाचा उपयोग एकच: कागद दिला असेल तर मागचा ॲक्सल तिरका बसलाय का, ते त्यावर बघा. त्याचं पुढे येतंच आहे.

आता तपासणी. मी सांगतो त्या क्रमाने करा, कारण सुरुवातीच्या गोष्टी घरच्या घरी होतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशाने झाली ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधार.

सर्वांत आधी चाकाचे नट. हसू नका. नट ढिला असेल तर रिमच्या भोकाभोवती गंजाचे लाल ओघळ किंवा काळी चकचकीत पूड दिसते, भोक लांबट झालेलं असतं. तसं दिसलं तर नुसतं आवळून भागत नाही, ते रिम आणि स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) दोन्ही बदलायचे. नटाची निमुळती बाजू रिमकडे आहे ना, हेही बघा. रस्त्यावर घाईत पंक्चर काढताना उलटा बसवलेला नट मी पाहिलेला आहे. आणि रिम ड्रमला जिथे टेकतं तिथे गंजाची पापडी, रंगाचा जाड थर किंवा खडा अडकला असेल, तर चाक तिरकंच बसतं. मग नट कितीही आवळा. तारेच्या ब्रशने दोन्ही तोंडं घासा, नट समोरासमोरच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळा आणि शेवटचा जोर मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच द्या. पान्यावर पाइप घालून वर उभं राहायची आपली सवय स्टड ताणते.

त्यानंतर हवा आणि टायरची जोडी. मागच्या ॲक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन, किंवा एक नवा आणि एक अर्धा झिजलेला, अशी जोडी असेल तर आधी ती मोडा. दोन्हींचा स्वभाव वेगळा, उंची वेगळी, आणि डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरची रचना) सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्ये मोजायची. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतील तर दोन्ही पाळायचे.

मग स्टेपनी. तुमच्याकडे असलेलं सगळ्यात स्वस्त तपासणी यंत्र हेच. स्टेपनी त्याच मापाची, त्याच प्रकारची आणि बऱ्या स्थितीतली हवी. एवढं बघून आधी उजव्या मागच्या चाकाच्या जागी ती लावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, रिकाम्या गाडीने फेरी मारा. फरक नाही पडला तर उजवं चाक परत लावा आणि स्टेपनी डावीकडे. एका बाजूला लावल्यावर हेलकावा गेला, तर काढलेलं चाक दोषी. सुरुवात उजवीकडून अशासाठी की तुम्ही उजवा टायर रिमोल्ड (जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला) आहे असं प्रश्नात ओझरतं लिहिलंय, आणि माझी नजर तिथेच अडकली आहे. दुसरा मार्ग म्हणजे संशयित चाक पुढे लावून बघणं. दोष चाकात असेल तर हेलकावा सीटखालून निघून स्टिअरिंगमध्ये येतो. पण टायरवर फोड दिसत असेल तर ही परीक्षा करू नका. फुटायच्या बेतातला टायर स्टिअरिंगच्या चाकावर आणून ठेवण्यात शहाणपण नाही.

टायर आतून सुटतो म्हणजे काय होतं, तेही सांगतो. रेडियल टायरच्या नक्षीखाली तारेचे पट्टे असतात. खड्ड्याचा मार, कमी हवेवर ओढलेला माल, जुनं झालेलं रबर, नाहीतर रबर चढवताना नीट न बसलेला थर, यातल्या कशानेही ते पट्टे एका जागी रबरापासून सुटतात. बाहेरून सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग त्या जागी नक्षी किंचित वर येते, तेवढाच भाग जास्त घासला जातो, आणि गोल चरांची रेघ तिथे सरळ न राहता नागमोडी होते. उभ्या टायरकडे बघून हे कळत नाही, चाक उचलून फिरवावं लागतं. डोळ्यांआधी हाताला कळतं: टायर फिरवत तळहात नक्षीवरून हळू न्या, एका ठिकाणी उंचवटा किंवा मऊपणा लागतो. हे उघड्या तारांना जपूनच करा. सुटलेल्या पट्ट्याची तार कधी कधी नक्षीतून बाहेर आलेली असते आणि ती सुईसारखी शिरते.

आता चाक उचलून फिरवायचं. इथे जरा थांबा, कारण मागचं चाक उचलण्यात एक फसगत आहे. हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालतो, आणि चाक फिरवायचं तर तो सोडावा लागतो. गाडी गियरमध्ये ठेवली तरी एक मागचं चाक हवेत असताना ती धरून राहत नाही: डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं मोकळेपणाने पुढे जातं. म्हणून जागा सपाट आणि टणक हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे, जॅक हाऊसिंगखाली पाट्याजवळ लावायचा, आणि उचलल्यावर घोडी (जॅकस्टँड) लावून गाडी तिच्यावर टेकवायची. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नका. गाडी रिकामी, इंजिन बंद, गियर न्यूट्रल.

चाक हवेत आलं की टोमॅटोचा रिकामा क्रेट उलटा करून चाकाशेजारी ठेवा आणि त्यावर एक स्क्रू ड्रायव्हर असा बांधा की त्याचं टोक टायरच्या साइडवॉलपासून (बाजूच्या भिंतीपासून) दोन-तीन मिलिमीटरवर राहील. चाक हाताने सावकाश फिरवा आणि टोक आणि रबर यांच्यातली फट बघत राहा. फट सारखी राहिली तर उत्तम. ती एका जागी मिटत आणि समोरच्या जागी उघडत असेल, तर जिथे टायर टोकाला लागतो तिथे खडूने खूण करा. साइडवॉलवरची अक्षरं आणि जोडाच्या बारीक रेघा धरू नका, गुळगुळीत पट्टा निवडा. मग टोक नक्षीच्या मध्यावर आणून हेच करा, म्हणजे चाक वर-खाली किती उड्या घेतंय ते कळेल. तिसऱ्यांदा टोक रिमच्या कडेला लावा. रिमची कड खड्ड्यात चेपली असेल तर ते सहज दिसतं. टायरला दीड-दोन मिलिमीटर आणि रिमला मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरपर्यंतची हालचाल मी सोडून देतो. तुमच्या हेलकाव्यामागे असेल तर ती याहून बरीच जास्त, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी निघेल.

निकाल असा वाचायचा. रिम सरळ फिरतंय आणि टायर डोलतोय, तर दोष टायरचा किंवा तो रिमवर नीट न बसल्याचा. न बसल्याचं ओळखायला रिमच्या कडेजवळ टायरवर एक बारीक उठावदार रेघ असते ती बघा. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी रिमखाली बुडालेली असेल, तर पंक्चर काढल्यावर टायर तिथे चढलेलाच नाही. हवा काढायची, कडेला साबणाचं पाणी लावायचं आणि पंक्चरवाल्याकडून पुन्हा चढवून घ्यायचं. टायर वाचतो.

रिम आणि टायर दोन्ही डोलत असतील तर प्रश्न पडतो: वाकलंय ते रिम, की रिम ज्याला लावलंय तो फ्लँज? इथे बरेच जण अंदाजाने पार्ट बदलतात. गरज नसते. रिम जिथे सर्वांत बाहेर येतं तिथे खडूची खूण करा आणि त्या खुणेला सर्वांत जवळच्या स्टडलाही खूण करा. मग चाक काढून एक-दोन स्टड पुढे सरकवून पुन्हा लावा, त्याच जोराने आवळा आणि पुन्हा फिरवा. बाहेर येणारी जागा रिमवरच्या खुणेबरोबर सरकली तर रिम वाकडं. ती जुन्या स्टडपाशीच राहिली तर रिम निर्दोष, वाकलेला आहे तो फ्लँज किंवा शाफ्ट. मग गॅरेजमध्ये चाक उतरवून ड्रमच्या किंवा फ्लँजच्या तोंडावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी मापक) लावून घ्या आणि आकडा मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. तुमच्या गॅरेजवाल्याने हाऊसिंग वाकल्याचं म्हटलंय, तर हा आकडा त्याच्याकडे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कसं मोजलं आणि किती आलं, एवढंच विचारा.

चाक हवेत असतानाच बेअरिंगही बघून घ्या. टायर वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून ढकला-ओढा. खटखट जाणवली तर कोणाला तरी ड्रमच्या मागच्या बाजूला टॉर्च धरायला सांगा आणि नक्की काय हलतंय ते पाहा. इथे तुमचा ॲक्सल कुठल्या रचनेचा आहे त्यावर पुढचं अवलंबून आहे. चाकाच्या मध्यभागी बाहेरून बोल्टांचं एक कडं दिसत असेल, म्हणजे शाफ्टचा फ्लँज हबला बोल्टांनी जोडलेला असेल, तर तो फुल फ्लोटिंग. त्यात हबमध्ये दोन टेपर बेअरिंग असतात आणि ढिलेपणा बऱ्याचदा बेअरिंगचा नट योग्य रीतीने आवळून निघतो. असं कडं नसेल तर सेमी फ्लोटिंग. त्यात चाकाचा सगळा भार शाफ्टवर आणि त्यावरच्या बेअरिंगवर येतो. यात आत-बाहेर किंचित हालचाल काही रचनांत चालते, मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. वर-खाली खटखट मात्र चालत नाही. सेमी फ्लोटिंगमध्ये शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक ड्रमसकट गाडी सोडतं, म्हणून हा ढिलेपणा ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणून टाळायचा नसतो. फिरवताना घरघर, ड्रमच्या मागे ऑइलचा ओघळ, किंवा एका बाजूचं सील बदलूनही पुन्हा गेलेलं असणं, या तिन्ही खुणा त्याच कोपऱ्याकडे बोट दाखवतात. तुमचं डावं बेअरिंग नवं आहे. ते प्रेसवर बसवलं की हातोड्याने ठोकून, ते विचारा. ठोकून तिरकं बसलेलं नवं बेअरिंग जुन्यापेक्षा लवकर बोंबलतं.

ब्रेक लावल्यावरच डोलत असेल तर गोष्ट निराळी. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण माळशेजच्या उतारावर भरलेली गाडी ब्रेकवर उतरवली की ड्रम तापतात आणि तापलेला ड्रम वाकडा होऊ शकतो, म्हणून एक सोपी परीक्षा सांगून ठेवतो. मोकळ्या, कोरड्या, सरळ जागेत, मागे कोणी नसताना, २०-२५ च्या वेगात हँडब्रेक अगदी हलका ओढा. खटका अडकू देऊ नका, लगेच सोडता आला पाहिजे. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर काम करतो, त्यामुळे तेव्हाच धडधड आली तर ड्रम मोजून घ्या. लेथवर घासता येतो, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आतच.

प्रोपेलर शाफ्टचं फार लांबवत नाही. गाडी जागेवरून निघताना किंवा गियर बदलताना खट्ट आवाज, ॲक्सिलरेटर दिल्यावर थरथर आणि सोडल्यावर बंद, असं असेल तर त्या शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस आणि मधलं सेंटर बेअरिंग बघा. तुमच्या लक्षणात यातलं काही नाही.

राहिले पाटे. गाडी जमिनीवर, चाकं सरळ ठेवून टेपने पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. काही मिलिमीटरचा फरक असतोच. सेंटीमीटर किंवा जास्त निघाला तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकल्याची शंका घ्या. यू बोल्ट ढिले असतील तर पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीजवळ घासल्याची चमक किंवा गंजाची पूड दिसते. मागे शॅकलचे (पाट्याच्या मागच्या टोकाच्या झुलत्या सांध्याचे) बुश खाल्लेत का ते पहारीने हलवून बघा, आणि शॉकअपवर ऑइल आलंय का तेही. हे सगळं दुरुस्त करण्यासारखंच आहे, आणि एवढ्या खेपा केलेल्या गाडीत बुश बहुतेक संपलेले असतीलच. पण आधी चाकाचा निकाल लावा. बुश आणि शॉकअप आधी बदलले तर हेलकावा निम्मा होईल, तुम्हाला वाटेल काम झालं, आणि सुटत चाललेला टायर तसाच भरलेल्या गाडीखाली फिरत राहील. माझा सगळा आग्रह यासाठी आहे.

एवढ्यावरून तुमच्या गाडीचा माझा क्रम असा: सर्वांत वर उजवा रिमोल्ड टायर, त्याच्याखाली कुठल्याही बाजूचं चेपलेलं रिम किंवा तिरकं बसलेलं चाक, मग डाव्या बाजूचा फ्लँज आणि नवं बेअरिंग, आणि हाऊसिंग सगळ्यात शेवटी. हेलकावे मोजल्यावर आकडा चाकाशी जुळला नाही, तर हा क्रम मोडतो आणि पाटे-बुश वर येतात.

टायरच निघाला तर दुसरा घेताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. दुकानात बरीच वर्षं पडून राहिलेला ‘नवा’ टायर स्वस्तात मिळतो, घेऊ नका. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर नियमानेही चालत नाही. रिमोल्डबद्दल माझं मत विचाराल तर चांगल्या सांगाड्यावर नीट चढवलेला रिमोल्ड मी वाईट म्हणत नाही. ट्रकवाले वर्षानुवर्षं वापरतात. पण फुगलेला, डोललेला टायर पुन्हा रबर चढवून सुधारत नाही. आतले पट्टे सुटलेलेच राहतात.

आणि तोपर्यंत? टायरला फोड दिसला, नक्षी नागमोडी दिसली किंवा बेअरिंग वर-खाली हललं, तर भरून घाटात उतरू नका, एक खेप दुसऱ्याच्या गाडीतून पाठवा. यातलं काहीच दिसलं नाही तर स्टेपनी मागे लावून हळू चालवत तपासणी पुरी करता येईल. चाक काढून लावल्यानंतर ५० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा एकदा पान्याने बघायचे, तेवढं ड्रायव्हरला सांगून ठेवा. फट किती निघाली, कुठल्या चाकाला, आणि खूण रिमबरोबर सरकली की स्टडपाशी राहिली, हे तीन आकडे-निकाल कळवलेत तर पुढचं नेमकं सांगता येईल.